गोऱ्ह्याला घर राहिलं नाही : नाशिक जिल्ह्यातल्या 15 आमदारांना खुलं पत्र

तालुका इगतपुरी, जिल्हा नाशिक
वसुबारस, 17 ऑक्टोबर 2025

नाशिक जिल्ह्यातल्या सन्माननीय आमदार बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

आज वसुबारस. तिन्हीसांजेला आमच्या मंडळींनी आणि सूनबाईंनी गोठ्यात गाय-वासराची पूजा केली. आज आमच्या घरी दूध, दही, तूप कुणी तोंडाला लावत नाही, गहूही खात नाहीत. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. वर्षभर आपण वासराच्या वाटणीचं घेतो, आज एक दिवस ते त्याचं त्याला, असं माझी आई सांगायची. तिला तिच्या सासूने सांगितलेलं. चार पिढ्या हा नियम पाळला जातोय आणि तो मोडला म्हणून कुणाला दंड झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

पूजेला उभं होतं ते वासरू गोऱ्हा, म्हणजे नर वासरू, आहे. सूनबाईंनी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, नातीने त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घातली, आणि मला जून महिन्यातली रात्र आठवली. गाय व्यायली तेव्हा मुलगा गोठ्यातून ओसरीवर आला आणि एवढंच म्हणाला, “बाबा, गोऱ्हा झालाय.” पुढे कुणी काही बोललं नाही. माझ्या लहानपणी याच ओसरीवर गोऱ्हा झाला म्हणून शेजारीपाजारी गूळ वाटलेला मी पाहिलाय. खोंड म्हणजे घरात आलेला कर्ता पुरुष, असं वडील म्हणायचे. त्या रात्रीची ती शांतता माझ्या मनातून जात नाही. तिच्याबद्दलच हे पत्र आहे.

आधी माझ्याविषयी. मी माळकरी आहे. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी पायी जातो, गुडघे दुखायला लागले तरी अजून सोडलेलं नाही. माझ्या घरात मांस तर नाहीच, अंडंही शिजत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली, निवृत्त झालो, आता अडीच एकर भात आणि थोडी नागली-वरई करतो. तेव्हा कुणाला काय खायला मिळावं याच्याशी माझा स्वतःचा काही स्वार्थ नाही. गोवंश हत्याबंदीचा कायदा माझ्यासारख्यांच्या श्रद्धेच्या नावाने झाला. म्हणूनच त्याचा हिशेब माझ्यासारख्याने मांडायला हवा, असं मला वाटतं.

हे पत्र एका पक्षाविरुद्ध आहे, असंही समजू नका. 1976 चा महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम काँग्रेसच्या राज्यात झाला. त्यात बैल आणि वळू आणणारी दुरुस्ती 1995 मध्ये युतीच्या राज्यात विधिमंडळाने मंजूर केली. तिला राष्ट्रपतींची संमती 2015 मध्ये मिळाली आणि 4 मार्च 2015 पासून ती अमलात आली. त्यानंतर मंत्रालयात सगळ्या प्रमुख पक्षांची माणसं बसून गेली. त्या दुरुस्तीने गोठ्यात काय झालं हे पाहायला कुणी थांबलं नाही.

1976 च्या कायद्याने गाय कापायला बंदी होती. आम्हाला त्याची अडचण कधी झाली नाही. कामातून गेलेला, शेतीला निरुपयोगी ठरलेला बैल मात्र अधिकाऱ्याच्या दाखल्याने कत्तलीसाठी विकता येई. 2015 नंतर तो रस्ता बंद झाला. गाय, वळू, बैल, काहीही असो, कत्तल केली तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. त्यासाठी विकणं, विकत घेणं, वाहून नेणं हाही गुन्हा. परराज्यातून आणलेलं मांस घरात सापडलं तरी गुन्हा, असंही एक कलम होतं. ते मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे 2016 रोजी रद्द केलं. घराच्या चार भिंतींआड माणूस काय खातो हा त्याचा खासगी मामला आहे, असं त्यामागचं कारण.

आता याचा अर्थ काय उरला तो बघा. मुंबईतला माणूस दुसऱ्या राज्यातून कायदेशीर आलेलं मांस खाऊ शकतो. कायदा ज्या ताटासाठी केला ते ताट न्यायालयाने अर्धं मोकळं केलं. बांधलेला राहिला तो इगतपुरीच्या, सुरगाण्याच्या, पेठच्या शेतकऱ्याचा म्हातारा बैल.

तुमच्यापैकी बरेचजण शेतकऱ्यांच्या घरातले आहेत, पण द्राक्षाच्या आणि कांद्याच्या पट्ट्यातले. म्हणून आमच्या डांगी जनावराबद्दल थोडं सांगू द्या. इगतपुरी, त्र्यंबक, शेजारचं अकोले आणि पलीकडचा गुजरातमधला डांग हे या जातीचं घर. काळी-पांढरी ठिपक्यांची कातडी, तिला तेलकटपणा असा की धो धो पावसात दिवसभर उभं राहिलं तरी अंगाला पाणी धरत नाही. आमच्याकडे आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. डोंगरउतारावरच्या टीचभर खाचरांत चिखलणी करायची असते, तिथे ट्रॅक्टर उतरत नाही आणि पॉवर टिलर उचलून न्यावा लागतो. तिथे डांगी बैलच चालतो. घोटीच्या बाजाराला पूर्वी या बैलांसाठी लांबलांबची गिऱ्हाइकं यायची.

आणि मुख्य गोष्ट ही, की डांगी गाय दुधासाठी पाळत नाहीत. ती देते वेळेला लिटर-दोन लिटर. घरच्या चहाचं आणि पोरांचं भागतं एवढंच. डांगी गाय पाळायची ती तिच्या पोटी येणाऱ्या खोंडासाठी. दोन दाती झाला की त्याला जुवाला सवय लावायची, चार दाती झाला की चांगली जोडी जमवायची, नाहीतर घोटीच्या बाजारात विकून वर्षाचा किराणा आणि पोरांची फी भागवायची. गोऱ्ह्याला किंमत होती म्हणून गाईला किंमत होती. कायद्याने गोऱ्ह्याची किंमत काढून घेतली आणि गाईला हात न लावता तिला बेघर केलं. माझ्या गावात मी शाळेत शिकवत होतो तेव्हा घरटी दोन-तीन डांगी गाई असत. आज सगळ्या वाडीत मिळून हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या उरल्यात.

किंमत कशी गेली ते सांगतो. बैल चार दाती असताना जुवाला लागतो, बारा-तेरा वर्षांचा होईपर्यंत ओढतो आणि नीट सांभाळला तर अठरा वर्षं जगतो. म्हणजे शेवटची पाच वर्षं त्याला बसून खायला घालायचं. माझ्याकडचा राजा आता त्या वयाला आलाय. त्याचा पेंढा, हिरवं गवत, मूठभर ढेप, औषधपाणी धरून मी वही लिहितो, दिवसाला 120 रुपये पडतात. वर्षाचे 43,800. पाच वर्षांचे दोन लाखांवर जातात. मला निवृत्तिवेतन आहे, मी राजाला मरेपर्यंत सांभाळणार. ज्याच्याकडे दोन एकर कोरडवाहू आहे आणि आवणी झाल्यावर जो बायकापोरांसह द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडला जातो, त्याने हे पैसे कुठून आणायचे? पूर्वी तो म्हातारा बैल विकून आलेल्या पैशांत थोडी भर घालून नवा खोंड आणायचा. जुना बैल हा नव्या बैलाचा विसार होता. मी 2014 मध्ये एक बैल 14 हजारांना दिला, वर कर्ज काढलं आणि जोडी पुरी केली. दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्याच्या तसल्याच बैलाला रात्री अकरा वाजता आलेल्या अनोळखी माणसाने तीन हजार सांगितले. दिवसा कुणी विचारायलाही आलं नव्हतं.

तुम्ही विचाराल, माळ घालून तुम्ही बैल हेड्याला, म्हणजे गुरांच्या व्यापाऱ्याला, कसा विकत होता? प्रश्न रास्त आहे आणि मी तो स्वतःला पुष्कळदा विचारलाय. बैल न्यायचा दिवस आमच्या घरात सुतकासारखा असायचा. आई त्याच्या पायावर पाणी घालायची, भाकरी-गुळाचा घास द्यायची आणि दाराआड जाऊन रडायची. पुढे काय होणार हे तिला ठाऊक होतं. तिने कधी विचारलं नाही, वडिलांनी कधी सांगितलं नाही. यात खोटेपणा होता का? थोडा असेल. पण त्याच पैशांतून आलेला नवा खोंड ती कुंकू लावून घरात घ्यायची, आणि पुढची दहा वर्षं त्याला पोटच्या पोरासारखं जपायची. तिच्या गोठ्यात जनावर कधी उपाशी राहिलं नाही. आजच्या कायद्याच्या काळात मी उपाशी जनावरं पाहतोय.

ती कुठे पाहिली तेही सांगतो. सिन्नर-निफाडकडे नातेवाईक आहेत, त्यांच्याकडे होल्स्टिन या विदेशी जातीच्या संकरित गाई. दूध भरपूर, पण त्यांच्या गोऱ्ह्याला ना वशिंड, ना ऊन सोसायची ताकद. औताला उपयोग शून्य. कायद्याने तो कापायला विकायचा नाही, पाळायचा तर दिवसाचं बरंच दूध त्याच्या पोटात. मग त्याला आईपासून तोडतात, पाण्यात कालवलेलं काहीबाही पाजतात, आणि तो पंधरा-वीस दिवसांत आपोआप मरतो. त्याला कुणी मारलं नाही, म्हणून गुन्हा नाही. मी हे एका गोठ्यात डोळ्यांनी पाहिलंय आणि त्या घरात त्या दिवशी जेवलो नाही. काहीजण वासरू टेम्पोत घालून रात्री जंगलाच्या कडेला सोडून येतात. आमच्या भागात बिबट्या आहे. सकाळी काय सापडतं ते लिहीत नाही.

सरकारलाही हे कळतं. नाहीतर लिंग वर्गीकृत रेतमात्रांची योजना कशाला आणली असती? त्या मात्रेने दहातली नऊ वासरं कालवडी, म्हणजे माद्या, होतात. राष्ट्रीय गोकुळ मिशनमधून त्यासाठी पैसा दिला जातो. म्हणजे कायदा म्हणतो, गोऱ्ह्याला मारायचं नाही; योजना म्हणते, गोऱ्हा जन्मालाच येऊ द्यायचा नाही. मी त्या योजनेच्या विरोधात नाही, दूधवाल्यांना तिचा फायदा आहे. पण डांगीसारख्या जातीचं, जिची सारी किंमत गोऱ्ह्यातच होती, तिचं पुढे काय करायचं हे या दोन्ही कागदांत कुठेच नाही.

आकडे पाहायचे तर पशुगणनेचे पाहा. 2012 मध्ये महाराष्ट्रात गोवर्गीय जनावरं सुमारे 1 कोटी 55 लाख होती, 2019 मध्ये सुमारे 1 कोटी 40 लाख राहिली. ज्या सात वर्षांत हा संरक्षणाचा कायदा आला, त्यांत दहा टक्के घट. देशभरात गोवंशातले नर 6 कोटी 79 लाखांवरून 4 कोटी 74 लाखांवर आले, आणि त्याच काळात माद्या वाढल्या. उत्तर प्रदेशात कायदे कडक, तिथे एकूण गोवंश घटला. पश्चिम बंगालमध्ये तेव्हा अशी सरसकट बंदी नव्हती, तिथे तो जवळपास पंधरा टक्क्यांनी वाढला. या सगळ्याचा दोष एका कायद्यावर टाकणं खोटेपणाचं होईल. ट्रॅक्टर आलेत, वाटण्या होऊन शेतं लहान झालीत, गुराखी पोरगा मिळत नाही, गायरानं उरली नाहीत. माझा स्वतःचा मुलगा बैल हाकायला तयार नाही, त्याला मी दोष देत नाही. पण नाकातोंडात पाणी चाललेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक गाठोडं ठेवावं, तसं या कायद्याने केलं. ज्याला एखादी जोडी अजून ठेवता आली असती, त्यानेही दावण मोकळी केली.

आता चाचांविषयी. त्यांचं नाव लिहीत नाही, आजच्या दिवसांत ते त्यांच्या भल्याचं नाही. ते आणि त्यांच्या आधी त्यांचे वडील आमच्या पंचक्रोशीत जनावरांची खरेदी करायचे. कुरेशी समाजातले. दात पाहून वय, चाल पाहून खोड आणि शेपटीला हात लावून आजार सांगायचे. बाजारात रुमालाखाली हात घालून भाव ठरायचा, पण आमच्या वाडीत त्याची गरज पडत नसे, चाचा आकडा तोंडाने सांगायचे आणि वडील मान हलवायचे. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात त्यांनी दोन बैलांवर उचल दिली, बैल दिवाळीनंतर नेले. कागद नाही, व्याज नाही. आमच्या आदिवासी वाड्यांवर दुखण्याला, बाळंतपणाला, पावसाने घर पडलं तर उभारायला पैसा यायचा तो याच वाटेने. बँक अशा घरांना उभं करत नव्हती, आजही करत नाही. गोठ्यातलं जनावर हीच त्यांची ठेव, आणि चाचा ती ठेव मोडून देणारा माणूस.

2015 नंतर चाचांनी हळूहळू येणं बंद केलं. त्यांच्या जागी आता जे येतात ते अंधारात येतात. त्यांचं नाव-गाव आम्हाला माहीत नसतं, ते उचल देत नाहीत, आणि बाजारभावाच्या पाव किमतीत जनावर नेतात. कारण वाटेत त्यांना पाच ठिकाणी हात ओले करावे लागतात असं ते उघड सांगतात. जनावर कुठे जातं? जिथे पूर्वी जायचं तिथेच. फक्त आता डॉक्टरच्या तपासणीशिवाय, पाय बांधून, एकावर एक रचून. नियमाने एका मालवाहू ट्रकमध्ये सहाहून जास्त जनावरं न्यायची नसतात. रात्री जाणाऱ्या टेम्पोत किती असतात हे महामार्गाच्या कडेला राहणाऱ्या कुणालाही विचारा. जनावराच्या हालअपेष्टा कमी झाल्या असत्या, तर मी आमचा तोटा मुकाट सोसला असता.

गेल्या जुलैत कुरेशी समाजाने राज्यभर जनावरांची खरेदी थांबवली. रोजची मारहाण, गाड्यांची जाळपोळ, जनावरं हिसकावून घेणं यांना कंटाळून. त्यात म्हशीही आल्या. म्हशीवर बंदी नाही, तरी भाकड म्हैस घेऊन बाजारात गेलेली माणसं ती तशीच परत घेऊन आली. दूधवाल्याची एक म्हैस आटली की ती विकून दुसरी आणायची, त्याचं चक्र असंच चालतं. ते थांबलं तेव्हा शेतकरी संघटनांमधली माणसंही खाटिकाच्या बाजूने बोलायला लागली. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे खाणारा आणि कापणारा एवढे दोनच होते. पाळणारा कुणी पाहिलाच नव्हता.

आणि रस्त्यावर काय चाललंय ते तर आमच्या तालुक्याला सांगायलाच नको. जून 2023 मध्ये पंधरा-सोळा दिवसांच्या अंतराने इगतपुरी-घोटीच्या परिसरात दोन माणसं गाडी अडवल्यानंतर जिवाला मुकली. एकाच्या गाडीत जनावरं होती, दुसऱ्याच्या गाडीत मांस असल्याचा संशय. ऑगस्ट 2024 मध्ये जळगावकडून कल्याणला लेकीकडे निघालेल्या एका म्हाताऱ्या माणसाला रेल्वेच्या डब्यात इगतपुरीच्या आसपास पोरांनी मारहाण केली, त्याच्याजवळच्या बरणीत काय आहे यावरून. माझ्याहून वयाने मोठा माणूस. ती चित्रफीत माझ्या नातवाने मला दाखवली आणि विचारलं, “आबा, डबा उघडून बघायचा अधिकार यांना कुणी दिला?” मी शिक्षक होतो. मुलांच्या प्रश्नांना उत्तर देणं हे माझं काम होतं. त्याला मी कायद्याचं कलम सांगू शकलो नाही, कारण असं कलम नाही. पण हेही खरं की ताटात काय आहे याला राज्याने गुन्हा ठरवलं, तेव्हाच कुणालातरी डबा उघडून बघावासा वाटणार हे ठरलं.

यात फक्त मुसलमान भरडले जातात असं समजू नका. आमच्या भावकीतल्या एकाने गेल्या वर्षी घोटीकडून खोंडाची जोडी घेतली, नांगरायला. टेम्पोत घालून रात्री घरी आणत होता, कारण दिवसा ऊन. घाटाखाली पाच-सहा तरुणांनी गाडी अडवली. बाजाराची पावती दाखवली, गळ्यातली तुळशीमाळही दाखवली. गाडी ठाण्यात गेली, बैल एका संस्थेकडे गेले, आणि सोडवायला साडेतीन महिने लागले. तेवढ्या दिवसांच्या खुराकाचा खर्च त्यालाच भरायला लावला. दोनांपैकी एकच परत मिळाला, दुसरा आजारी पडून मेला असं सांगितलं. आवणी गेली ती गेलीच. त्याने परत मिळालेला बैल विकून टाकला आणि आता भाड्याने टिलर लावतो. त्याने पुन्हा बैल घ्यावा, असं मी त्याला सांगू शकत नाही.

शेणखताचा मुद्दा तुमच्यापैकी कुणीतरी काढेल. सर्वोच्च न्यायालयानेही 2005 मध्ये गुजरातच्या कायद्यावर निकाल देताना तो मान्य केला, की म्हातारा बैलही शेण-मूत्र देतो म्हणून निरुपयोगी नाही. 1958 मध्ये त्याच न्यायालयाने याच्या उलट म्हटलं होतं. मी शेणखत वापरणारा शेतकरी आहे, त्याची किंमत मला कळते. पण वर्षाला 43,800 रुपयांचा खुराक खाऊन राजा जे शेण देतो ते कुणी बाजारभावाने विकत घ्यायला आलं, तर मी त्याला खुर्ची देईन, चहा देईन. आजवर कुणी आलं नाही.

दुसरा मुद्दा गोशाळांचा. 30 सप्टेंबर 2024 ला सरकारने देशी गाईला राज्यमाता-गोमाता म्हणून जाहीर केलं, गोशाळांना देशी गाईमागे दिवसाला 50 रुपये देण्याचं ठरवलं. चांगली माणसं गोशाळा चालवतात, मी स्वतः एकीला दरवर्षी पेंढा देतो. पण ते अनुदान गोशाळेला आहे, शेतकऱ्याच्या दावणीला नाही. जनावर मी सोडून दिलं की त्याला 50 रुपये मिळतात आणि मी सांभाळलं तर काही नाही, हे कुठल्या गोरक्षणात बसतं? आणि गोशाळा चालवणारेच सांगतात, गाय आणा, घेतो. बैल आणू नका, जागा नाही.

आपल्या जिल्ह्याला हे सगळं नवं नसावं. शहरातल्या ताटातला कांदा महाग होऊ नये म्हणून डिसेंबर 2023 मध्ये निर्यात बंद केली, ती मे 2024 मध्ये उठली. मधल्या काळात लासलगावला काय भाव होता आणि त्या भावाने किती घरांची गणितं मोडली, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा शेतकरी रस्त्यावर उतरले होते. खाणाऱ्याकडे बघून केलेला नियम पिकवणाऱ्याच्या मानेवर बसतो हे तुम्हाला कांद्यात दिसलं. बैलात का दिसत नाही?

माझं मागणं मोठं नाही. गाईचं संरक्षण आहे तसं राहू द्या, त्याला माझा हात वर आहे. पण 1976 च्या कायद्यात बैलाविषयी जी सवलत होती, वय झालेल्या, काम न होणाऱ्या जनावराची पशुवैद्यकाच्या दाखल्याने विक्री, ती परत आणण्याचा विषय विधानसभेत चर्चेला आणा. चर्चा होऊ द्या, मत देताना तुम्ही विरोधात गेलात तरी मी तुम्हाला दोष देणार नाही. पण आकडे समोर ठेवून विरोध करा. आणि जर सरकारचं म्हणणं असेल की बैल मरेपर्यंत जगलाच पाहिजे, तर मग त्याचा खर्च सरकारने उचलावा. प्रत्येक बाजार समितीत सरकारी खरेदी केंद्र उघडा, म्हातारा बैल आणि संकरित गोऱ्हा ठरलेल्या दराने विकत घ्या आणि सांभाळा. धर्म सगळ्या राज्याचा असेल, तर खुराक एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या माथी कशासाठी?

हे दोन्ही जमत नसेल, तरी एवढं उद्यापासून करता येईल. खासगी माणसाला गाडी अडवायचा, जनावर ताब्यात घ्यायचा अधिकार नाही, हा फलक मराठीत घोटी, सिन्नर, मालेगाव, चांदवड अशा प्रत्येक जनावरांच्या बाजाराच्या दारात लावा, आणि जो अडवेल त्याच्यावर गुन्हा नोंदवा. बाजाराची पावती आणि पशुवैद्यकाचा दाखला असलेलं जनावर जप्त झालं तर सात दिवसांत त्याची सुनावणी व्हावी, आणि निर्दोष शेतकऱ्याकडून खुराकाचा एक पैसाही घेऊ नये. डांगीच्या वळूला आणि पैदाशीच्या खोंडाला, तो गोशाळेत असो की माझ्यासारख्याच्या गोठ्यात, सारखंच अनुदान द्यावं. आणि पशुगणनेचे तालुकावार आकडे, नर वेगळे आणि मादी वेगळी, ग्रामसभेत वाचून दाखवावेत. आपल्या गावात किती बैल उरलेत हे गावाला कळू द्या.

तुमच्यातल्या काहींना वाटेल की या विषयावर बोललो तर मतं जातील. म्हणूनच मी हे 15 जणांना एकदम लिहितोय. एकट्याने उठायचं धाडस होत नसेल तर पंधराही जण मिळून उठा, म्हणजे कुणा एकाकडे बोट दाखवता येणार नाही. तुम्ही वेगवेगळ्या पक्षांचे आहात, तेच या बाबतीत उपयोगाचं आहे.

नागपूरचं हिवाळी अधिवेशन तोंडावर आहे. त्याआधी, कापणी उरकली की कधीही, आमच्या वाडीवर या. आल्यावर आधी राजाला बघा. त्याचे दात झिजलेत, डाव्या खांद्यावर जुवाचा घट्टा आहे, तरी हाक मारली की मान वळवतो. त्याच्या शेजारी आज पूजा झालेला तो गोऱ्हा बांधलेला असेल. नातीने त्याचं नाव शिवा ठेवलंय. तीन वर्षांनी तो चार दाती होईल. मुलगा मला विचारतोय, त्याला जुवाला लावायचा की आत्ताच कुणाला तरी देऊन टाकायचा. मी त्याला तुमचं उत्तर येईपर्यंत थांब म्हणालोय.

आपला,
एक भातउत्पादक शेतकरी आणि निवृत्त शिक्षक,
तालुका इगतपुरी